लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम: काय बघावं, काय सोडावं आणि हात खिशात का ठेवावेत

लंडनच्या सहलीत साउथ केन्सिंग्टनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वाट्याला बहुधा दीड-दोन तास येतात. त्यातला अर्धा तास रांगेत जातो, पाऊण तास डायनासोरच्या दालनात इंचाइंचाने सरकण्यात आणि उरलेला दुकानात. एवढाच वेळ हाताशी असेल तर डायनासोर सरळ सोडून द्यावेत. इथला सगळ्यात मोलाचा ऐवज त्या दालनात नाहीच. तो आहे जिन्यावरच्या एका छोट्या खोलीत, खनिजांच्या जुन्या ओकच्या कपाटांत आणि लोक ज्याला नुसता बोळ समजून पुढे जातात त्या सागरी सरीसृपांच्या दालनात.

प्रवेश मोफत आहे. १९८७ पासून काही वर्षं तिकीट होतं, ते १ डिसेंबर २००१ पासून पूर्ण बंद झालं. तरीही संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून वेळ ठरवून मोफत तिकीट काढून ठेवावं. तिकिटाशिवाय आलेल्यांना परत पाठवतात असं नाही, पण गर्दीच्या दिवशी त्यांची रांग हलता हलत नाही. वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ५.५०, शेवटचा प्रवेश ५.३० ला. २४ ते २६ डिसेंबर बंद. वन्यजीव छायाचित्रांच्या वार्षिक प्रदर्शनासारख्या खास प्रदर्शनांना वेगळं, पैसे देऊन तिकीट लागतं. दाराशी देणगीच्या पेट्या आहेत. टाकले तर उत्तम, नाही टाकले तर कुणी वाकड्या नजरेने बघत नाही.

आपल्याकडचे बरेच लोक मे-जूनमध्ये जातात, म्हणून एक गोष्ट आधी बघावी: मेच्या शेवटी तिथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. तो आठवडा टाळावा. जुलैच्या शेवटापासून ऑगस्ट संपेपर्यंत आणि ऑक्टोबरच्या शेवटीही तीच गत. शाळा चालू असल्या तरी आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी शाळांच्या सहली येतात, पण त्या दुपारी परततात. त्यामुळे मंगळवार-बुधवारी अडीचच्या सुमारास आत शिरून बंद होईपर्यंत थांबणं सगळ्यात शांत. नाहीतर मग बरोबर दहाच्या ठोक्याला दारात. अकरा ते दोन ही वेळ मात्र कुणीही निवडू नये.

हीथ्रोहून पिकॅडिली लाइन थेट साउथ केन्सिंग्टनला येते, डिस्ट्रिक्ट आणि सर्कल लाइनही तिथेच थांबतात. स्टेशनातून संग्रहालयाकडे जाणारा पादचारी बोगदा १८८५ चा आहे, पावसात तोच धरावा. स्टेशनात जिने आहेत, त्यामुळे व्हीलचेअर किंवा जड बाबागाडी बरोबर असेल तर बसने येणं सोपं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची, हे स्टेशनातच मुलांना सांगून टाकावं. लंडनमध्ये याच्याइतक्या लवकर कुणाचा पारा चढत नाही.

वेळेआधी पोचलात तर बागेत फिरावं. जुलै २०२४ मध्ये पाच एकरांची ही बाग नव्याने खुली झाली. पूर्वेकडच्या भागात पृथ्वीच्या इतिहासाची वाटच आखली आहे. स्कॉटलंडमधल्या सुमारे २७० कोटी वर्षं जुन्या खडकापासून ती सुरू होते आणि पुढे दर मीटरला ५० लाख वर्षं ओलांडली जातात. वाटेत ‘फर्न’ नावाचा कांस्याचा डिप्लोडोकस उभा आहे. फोटो काढायला तो आतल्या सांगाड्यांपेक्षा सोयीचा, कारण उजेड असतो आणि मधे काच नसते. एकाने रांगेत उभं राहायचं आणि दार जवळ आलं की मागून आठ जणांनी येऊन मिसळायचं, हा प्रकार मात्र इथे करू नये. सगळे आल्यावरच रांगेत लागावं.

दाराशी बॅगा तपासतात. मोठी सूटकेस घेऊन थेट विमानतळावरून येऊ नये, ती हॉटेलात ठेवावी. पाठीवरची सॅक आत गेल्यावर पोटाकडे घ्यावी. अरुंद दालनात माणूस वळतो तेव्हा सॅकच काचेवर आदळते आणि आदळल्याचं तिच्या मालकाला कळतही नाही.

आता इमारत. आल्फ्रेड वॉटरहाउसने उभारलेली ही वास्तू १८ एप्रिल १८८१ ला खुली झाली. आतून-बाहेरून ती भाजलेल्या मातीच्या फरशा-विटांनी मढवली आहे. लंडनच्या धुरकट हवेत काजळी धुऊन काढता यावी, हे त्यामागचं एक कारण. पहिले प्रमुख रिचर्ड ओवेन यांचा हट्ट असा होता की पूर्वेकडच्या बाजूला नामशेष झालेले प्राणी कोरायचे आणि पश्चिमेकडे आजही जगात असलेले. तो आजही भिंतींवर ताडून बघता येतो. मुख्य हॉलच्या कमानींवर माकडं चढताना दिसतात आणि छतावर वनस्पतींची १६२ चित्रं आहेत. बहुतेक लोक देवमाशाचा सांगाडा बघून मान खाली करतात आणि छत राहूनच जातं. देवळाच्या शिखरावरचं कोरीवकाम जसं लांबूनच नीट दिसतं तसं हे छत वरच्या सज्जातून चांगलं दिसतं, खालून नव्हे.

मुख्य हॉलमध्ये, म्हणजे हिंट्झे हॉलमध्ये, टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा खरा आहे, साचा नव्हे. लांबी २५.२ मीटर, वजन साडेचार टन. ही मादी १८९१ मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्डजवळ किनाऱ्याला लागली. जुलै २०१७ मध्ये सांगाडा या हॉलमध्ये आला आणि त्याचं नाव ‘होप’ ठेवलं. जबडा उघडून सूर मारतानाची, शिकार तोंडात घेतानाची ती मुद्रा आहे. खालून बघताना वल्ह्यासारख्या पुढच्या पंखांकडे लक्ष द्यावं: आत बोटांची हाडं स्पष्ट दिसतात. मग जिना चढून पहिल्या मजल्यावर यावं आणि पाठीचा कणा डोळ्यांच्या पातळीवरून बघावा. पूर्वी इथे उभा असलेला डिप्लोडोकस ‘डिप्पी’ जुन्या पुस्तकांत आणि पोस्टकार्डांवर अजून दिसतो. तो १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगींनी भेट दिलेला प्लास्टरचा साचा होता. तो २०१७ पासून या हॉलमध्ये नाही, त्यामुळे मुलांना त्याचं आमिष दाखवून आणू नये.

हॉलच्या दोन्ही बाजूंच्या कमानींखाली दहा कोनाडे आहेत. गर्दी देवमाशाखाली तुंबते आणि हे कोनाडे बऱ्यापैकी मोकळे राहतात. पश्चिमेला जिराफ आणि त्याच्याच शेजारी जिराफाचा सांगाडा. माणसाच्या मानेत जितके मणके तितकेच, म्हणजे सातच, जिराफाच्याही मानेत असतात, हे मुलांना मोजायला लावावं. पूर्वेला चिलीच्या वाळवंटातली इमिलाक उल्का आहे, तिच्या लोखंडात ऑलिव्हिनचे पिवळसर स्फटिक अडकलेले दिसतात. आणि अमेरिकन मॅस्टोडॉन, म्हणजे हत्तीचा नामशेष झालेला नातेवाईक. हा सांगाडा विकणाऱ्या अल्बर्ट कोखने त्यात जास्तीची हाडं घुसवून त्याला भलामोठा राक्षस बनवून गावोगाव तिकीट लावून दाखवला होता. तो मॅस्टोडॉनच आहे हे ओवेन यांनी ओळखलं आणि जास्तीची हाडं काढून टाकली.

जिन्याच्या मध्यावर चार्ल्स डार्विन यांचा संगमरवरी पुतळा बसलेला आहे. बोहेम यांनी घडवलेला, १८८५ चा. पायऱ्यांवर बसून फोटो काढायची इथे फार हौस. हॉलमधून वरच्या मजल्यावर जायचा तोच मुख्य मार्ग आहे, त्यामुळे फोटो काढून लगेच बाजूला व्हावं.

तिथूनच वर, मुख्य जिन्याच्या डोक्यावर ‘ट्रेझर्स’ दालन आहे. यात फक्त बावीस वस्तू, आणि या संग्रहालयातला एकच भाग बघायचा असेल तर हाच. आर्किऑप्टेरिक्सचा जो नमुना १८६२ मध्ये ओवेन यांनी विकत घेतला तो मूळ दगड इथे आहे: पिसं पक्ष्याची, दात आणि लांब हाडांची शेपूट सरीसृपांची. अपोलो १७ ने आणलेला चंद्राचा तुकडा, डोडोचा सांगाडा, नामशेष झालेला ग्रेट ऑक हा समुद्रपक्षी, अंटार्क्टिकातून कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने आणलेलं एम्परर पेंग्विनचं अंडं, आणि ब्लाश्का पितापुत्रांनी काचेत घडवलेले समुद्री जीव. काचेच्या त्या कामापुढे पाच मिनिटं थांबावं. मऊ अंगाचे प्राणी अल्कोहोलमध्ये रंग आणि आकार दोन्ही गमावतात, म्हणून ते काचेत बनवून घेतले.

या खोलीत उजेड मुद्दाम कमी ठेवलेला आहे. पिसं, केस, कातडं, वनस्पतींचे नमुने यांच्यावर पडणारा प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवण्याचा संग्रहालयांचा जुना नियम आहे. प्रकाशाने होणारं नुकसान साठत जातं आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून काचेत डोकावू नये. फ्लॅशबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. एका फ्लॅशने पिसाचा रंग उडतो असं नाही. दिवसभर चालू असलेल्या दिव्यांच्या मानाने त्याची मात्रा नगण्य आहे. पण काचेवर फ्लॅश मारला की फोटोत फक्त पांढरा ठिपका येतो, शेजारच्याचे डोळे दिपतात, आणि हातात काहीच पडत नाही. फोन काचेच्या जवळ, थोडा तिरका धरावा आणि गडद कपडे घातलेल्या माणसाला पाठीमागे उभं करावं. प्रतिबिंब निम्म्याहून कमी होतं. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने स्वतःपुरते फोटो काढायला परवानगी आहे. ट्रायपॉड मात्र आणू नये, अरुंद वाटेवर त्याच्या पायांत लोक अडखळतात.

सस्तन प्राण्यांच्या दालनात निळ्या देवमाशाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, १९३० च्या दशकाच्या शेवटी लाकूड आणि प्लास्टरने बनवलेली. तिच्या शेजारी हत्ती, पाणघोडा वगैरे ठेवल्याने आकाराचा अंदाज येतो. दालन बघून बरेच जण कुरकुरतात की वाघ फिका पडलाय, अस्वलाची लव विरळ झालीय. तक्रार खरी आहे, कारणही तिथेच फलकावर लिहिलेलं आहे. प्रदर्शनासाठी नवे प्राणी गोळा करणं संग्रहालयाने थांबवलं आहे, म्हणून जुनेच नमुने वापरले जातात आणि ते वय दाखवतात. हे धोरण पटण्यासारखं आहे. चकचकीत वाघ बघायचा असेल तर ताडोबा आहेच.

हात न लावण्याचा नियम याच दालनात सगळ्यात जास्त मोडला जातो, आणि त्यामागचं कारण लोकांना वाटतं त्याहून गंभीर आहे. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांची कातडी किडीपासून वाचवायला आर्सेनिकचा साबण चोळत असत, काही वेळा पाऱ्याचे क्षारही. अठराव्या शतकापासून विसाव्या शतकात बऱ्याच पुढपर्यंत ही पद्धत चालू होती. ते विष अजूनही केसांत आणि धुळीत असू शकतं. म्हणजे लहान मुलाने अस्वलाच्या पाठीवरून हात फिरवून तोच तोंडात घातला तर धोका अस्वलाला नाही, मुलाला आहे. उलट दिशेनेही नुकसान होतंच. हाताच्या घामातले क्षार आणि तेल केसांना चिकटतं, त्यावर धूळ बसते, आणि रोज शेकडो हात फिरले की त्या जागी टक्कल पडतं. कठड्याच्या आत हात घालू नये, मुलाला उचलून कठड्यावर बसवू नये. चुकून हात लागलाच तर खाण्याआधी साबणाने धुवावा.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या दालनालाही हेच सगळं लागू आहे. तिथे शिवाय पावसाळ्याची दमट हवा. ओली छत्री आणि ठिबकणारा रेनकोट घेऊन असल्या दालनात शिरलं की ओलावा वाढतो, आणि कातड्याला बुरशी धरायला तेवढं निमित्त पुरतं.

खाण्याचा नियमही स्वच्छतेपुरता नाही. रेशमी साडीला कसर लागते तशीच पिसांना, केसांना आणि वाळवलेल्या कीटकांनाही लागते. कपड्यांवरचे पतंग आणि म्युझियम बीटल नावाचे इवलेसे भुंगेरे, या दोघांच्या अळ्यांचं अन्न तेच. म्युझियम बीटलच्या केसाळ अळ्या कीटकांच्या पेटीत शिरल्या तर काही महिन्यांत टाचण्यांखाली फक्त भुकटी उरते. बिस्किटाचा चुरा, सांडलेला रस, बाकाखाली पडलेली चकली ही किडींना आणि उंदरांना आत टिकून राहायला मदत करते. किडीचा संशय आलेला नमुना संग्रहालयं उणे ३० अंशांच्या फ्रीझरमध्ये सुमारे तीन दिवस ठेवतात. टांगलेला देवमासा त्यात कसा ठेवणार? म्हणून कीड दाराबाहेर ठेवणं हाच खरा उपाय. दालनांच्या कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे छोटे चिकट सापळे ठेवलेले दिसतील. ते कचरा नव्हेत. कोणत्या दालनात कुठली कीड किती, हे त्यांच्यावरून मोजतात. मुलांना ते पायाने ढकलू देऊ नये.

पोटपूजेची सोय आहे. आतली उपाहारगृहं महाग आहेत आणि चवीला सुमार. शाकाहारी मंडळींना सँडविच, चिप्स, सूप यापलीकडे फार काही मिळत नाही. घरून धपाटे, दशम्या, मेथीचे पराठे आणले असतील तर तळघरातल्या डबा खायच्या जागेत किंवा बाहेर बागेत बसून खावेत. पाण्याची बाटली चालते, फक्त झाकण घट्ट लावलेलं असावं.

पक्ष्यांच्या दालनात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं हमिंगबर्डचं काचेचं कपाट आहे. त्यात एवढे पक्षी दाटीवाटीने बसवलेत की आजच्या नजरेला अंगावर काटा यावा. तरी बघावंच, कारण बाजूने हळूहळू चालत गेलं की पिसांचा रंग बदलत जातो. तो रंग द्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश परावर्तित होऊन दिसतो, म्हणूनच इतकी वर्षं टिकला आहे. शेजारी डोडोची प्रतिकृती आहे. ती प्रतिकृतीच आहे. खरी हाडं वर ट्रेझर्समध्ये बघून झालेली असतात.

त्याच बाजूला सागरी सरीसृपांचं दालन. भिंतींवर इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर, त्यातले काही मेरी ॲनिंग यांनी लाइम रीजिसच्या कड्यांमधून काढलेले. सुताराची ही मुलगी, औपचारिक शिक्षण नाही, आणि १८४७ मध्ये वारल्या तोपर्यंत बाई म्हणून भूवैज्ञानिकांच्या सभेत प्रवेशही नाही. एकेका शिळेपुढे दहा मिनिटं सहज जातात. काही इक्थिओसॉरच्या पोटात शेवटच्या जेवणाचे अवशेष असतात, काहींच्या पोटात पिल्लं, म्हणून फासळ्यांच्या आत बघायची सवय लावावी. पण ही जागा जाण्यायेण्याची वाटही आहे. पंधरा जणांचा गट मधोमध उभा करून माहिती सांगत बसलं की मागे बाबागाड्यांची रांग लागते. गटाने भिंतीला लागून एका ओळीत उभं राहावं, आणि सांगणाऱ्याने आवाज शेवटच्या माणसापुरताच ठेवावा. भाजलेल्या मातीच्या त्या भिंती आवाज जसाच्या तसा परत फेकतात. पुण्यातल्या आजीला स्पीकरवर व्हिडिओ कॉल लावून डायनासोर दाखवण्यासाठीही हीच सूचना: इयरफोन लावावेत, आजीला सगळं ऐकू येईल.

डायनासोरचं दालन. मुलं बरोबर असतील तर ते चुकत नाही, मग दहाला आत शिरल्या शिरल्या आधी तेच करावं. मार्ग एकाच दिशेने जातो, मागे फिरता येत नाही, आणि आत अंधार आहे. म्हणून शिरण्यापूर्वीच मुलांना शौचालयात नेऊन आणावं. ‘डायनासोर’ हे नाव १८४२ मध्ये ओवेन यांनीच दिलं, तरी दालन मात्र दमलेलं वाटतं. प्रकाशयोजना नाट्यमय पण पाट्या वाचायला अपुरी, आणि बरेचसे सांगाडे साचे आहेत. हलणारा, डरकाळणारा टी. रेक्स हे सगळ्यांचं आकर्षण. चार वर्षांखालची बरीच मुलं तिथे रडतात. त्यांना आधी सांगून ठेवावं की तो यंत्राचा आहे, आणि कडेने झपाट्याने न्यावं. खांद्यावर मूल बसवून मधेच उभं राहणारे बाबालोक मागच्या वीस मुलांचा टी. रेक्स अडवतात.

खरा, जवळपास पूर्ण डायनासोर बघायचा तर एक्झिबिशन रोडच्या बाजूला लाल विभागात जावं. तिथला स्टेगोसॉरस ‘सोफी’ वायोमिंगमध्ये सापडला, लांबी ५.६ मीटर, आणि त्याची ऐंशी टक्क्यांहून जास्त हाडं मूळची आहेत. रांग नाही, अंधार नाही, चारी बाजूंनी फिरता येतं. तिथूनच धातूच्या पृथ्वीगोलाच्या पोटातून वर जाणारा सरकता जिना आहे. वर १९९५ च्या कोबे भूकंपावर बेतलेलं जपानी किराणा दुकान हलून दाखवतात. धक्का सौम्य आहे, लहानांना मजा वाटते. ज्यांनी खरा भूकंप भोगला आहे त्यांनी आत जायचं की नाही हे आपलं आपण ठरवावं.

याच विभागात मानवी उत्क्रांतीचं दालन आहे आणि तिथे वागण्याचा सूर बदलायला हवा. चेडर मॅनचा सांगाडा, १९०३ मध्ये सॉमरसेटच्या गुहेत सापडलेला, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा आहे. शेजारी उभं राहून दात विचकून सेल्फी काढण्याची ही जागा नव्हे. मुलांनी ‘हा कोण होता’ असं विचारलं तर उत्तर द्यावं, हसण्यावारी नेऊ नये.

खनिजांच्या दालनात बहुतेक पर्यटक येत नाहीत, आणि तेच बरं. ओकची कपाटं इमारतीच्या सुरुवातीपासूनची आहेत आणि मांडणी रासायनिक वर्गांनुसार. सुरुवातीला कंटाळवाणी वाटते, पण एकदा क्रम कळला की हवं ते कपाट पटकन सापडतं. आपल्या माणसांनी सिलिकेटांच्या कपाटांशी थांबावं. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत तयार होणारे अपोफिलाइट, स्टिल्बाइट जगभरातले संग्राहक शोधत असतात, आणि वाघोलीच्या खाणींतल्या निळ्या कॅव्हनसाइटला तोड नाही. पाट्यांवर पुणे, नाशिक, जळगाव ही नावं शोधत गेलं की दालन एकदम ओळखीचं होतं. या कपाटांवर रेलू नये, कोपरं टेकवून फोटो काढू नयेत. काच जुनी आहे, आणि धक्क्याने आतले नाजूक सुईसारखे स्फटिक मोडतात.

दालनाच्या टोकाला ‘व्हॉल्ट’. रंगीत हिऱ्यांचा २९६ नगांचा पिरॅमिड, १९११ मध्ये इजिप्तमध्ये पडलेली मंगळावरची नाखला उल्का, आणि ‘दिल्लीचा जांभळा नीलम’ म्हणवला जाणारा शापित खडा. तो नीलम नाही, साधा ॲमेथिस्ट आहे. १८५७ मध्ये कानपूरच्या इंद्राच्या देवळातून लुटून आणलेला, ज्याच्याकडे गेला त्याचा सत्यानाश झाला, अशी चिठ्ठी त्याच्या शेवटच्या मालकाने, एडवर्ड हेरॉन-ॲलन यांनी, जोडून ठेवली होती. गोष्ट त्यांनीच रचली असावी असं मानायला बरीच जागा आहे, पण खडा खरा आहे.

उणिवा सांगायच्या तर, निळा, हिरवा, लाल, नारिंगी अशी विभागांची रंगवारी कागदावर सोपी आणि प्रत्यक्षात गोंधळाची आहे, कारण मजले जुळत नाहीत. जाड भिंतींमुळे फोनला रेंज धड मिळत नाही. नकाशा सकाळीच फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि कुठली दालनं दुरुस्तीसाठी बंद आहेत तेही तेव्हाच बघावं. काही ना काही बंद असतंच. हरवल्यास भेटायची जागा ठरवताना ‘देवमाशाखाली’ म्हणू नये, तो २५ मीटर लांब आहे. ‘जिराफापाशी’ म्हणावं. लहान मुलांच्या मनगटावर पेनाने आपला फोन नंबर लिहावा. मूल दिसेनासं झालं तर स्वतः धावत सुटण्याआधी जवळच्या कर्मचाऱ्याला गाठावं, त्यांच्याकडे वायरलेस असतो.

कधीकधी एखाद्या टेबलामागे स्वयंसेवक जीवाश्म, दात, शंख घेऊन बसलेले दिसतात. तिथल्या वस्तू हाताळण्यासाठीच असतात. मात्र दोन्ही हातांनी, टेबलाच्या वरच धरायच्या. हातातून सुटली तर दोन इंचांवर पडते, फरशीवर नाही.

दुसऱ्यांदा जाणाऱ्यांसाठी: संग्रहालयाच्याच डार्विन सेंटरमधल्या, बाटल्यांत जपलेल्या प्राण्यांच्या संग्रहाची मार्गदर्शकासह पैसे देऊन फेरी असते. २७ किलोमीटर लांबीच्या फळ्या, त्यावर सुमारे २ कोटी २० लाख नमुने आणि ८.६२ मीटरचा महाकाय स्क्विड ‘आर्ची’. ठरावीक दिवशीच आणि मोजक्या लोकांना नेतात, म्हणून आधी नोंदणी करावी आणि तेव्हाच वयाची अट वाचून घ्यावी. दारू आणि फॉर्मेलिनच्या वासाने ज्यांना मळमळतं त्यांनी जाऊ नये.

पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांची एक नेहमीची निराशा टाळता येते. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच, यांनी १८८५ मध्ये भारतीय पक्ष्यांचे सुमारे ८२,००० नमुने या संग्रहालयाला दिले. ते साउथ केन्सिंग्टनला नाहीत. अभ्यासासाठी ठेवलेली पक्ष्यांची कातडी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हर्टफर्डशरमधल्या ट्रिंगला हलवली, आणि ती फक्त संशोधकांना, आधी पत्रव्यवहार करून बघता येतात. ट्रिंगला शेजारीच वॉल्टर रोथ्सचाइल्ड यांनी १८९२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं जुनं संग्रहालय मात्र सर्वांना खुलं आणि मोफत आहे. जुन्या पद्धतीची, छतापर्यंत भरलेली कपाटं आणि मेक्सिकोतून आलेल्या, कपडे घातलेल्या पिसवा तिथे बघायला मिळतात. पिसवांसाठी भिंग लागतं. यूस्टनहून ट्रिंग स्टेशनपर्यंत आगगाडीने पाऊण तासाच्या आत पोचता येतं, पण स्टेशन गावापासून दोन मैल बाहेर आहे. परतीच्या टॅक्सीचा फोन नंबर उतरतानाच घेऊन ठेवावा.